पाच पर्यायांपलीकडचं वाचन: कोरियातल्या साहित्य आणि इंग्रजीच्या वर्गांचा आढावा

पॅसिफिक महासागरातल्या रापा नुई बेटावरची जंगलं का नष्ट झाली, याविषयीचे काही मजकूर २०१८ च्या 'पिसा' या आंतरराष्ट्रीय चाचणीत पंधरा वर्षांच्या मुलांना वाचायला दिले होते. त्यांत जॅरेड डायमंड यांच्या 'कोलॅप्स' या पुस्तकाचं एक परीक्षण होतं. त्या परीक्षणातली काही विधानं पुढे ठेवून विचारलं होतं, यातलं तथ्य कोणतं आणि मत कोणतं? ओईसीडी या मुख्यतः विकसित देशांच्या संघटनेतल्या सरासरी ४७ टक्के मुलांना हे जमलं. दक्षिण कोरियातल्या फक्त २५.६ टक्के मुलांना जमलं. सदस्य देशांमध्ये हा आकडा सगळ्यांत खालचा होता. तरीही त्याच चाचणीत वाचनातले कोरियाचे सरासरी गुण ५१४ होते आणि ओईसीडीची सरासरी ४८७. मुलं उत्तम वाचतात, पण वाचलेल्यातलं मत कोणतं हे त्यांना ओळखता येत नाही.

या विसंगतीवर कोरियात गेली काही वर्षं भरपूर लिहिलं-बोललं जातंय. २०२१ मध्ये ईबीएस या सार्वजनिक शैक्षणिक वाहिनीने वाचनक्षमतेवर मालिका दाखवली आणि हा विषय घराघरांत पोचला. पण ही चर्चा बहुतेक वेळा एकाच जागी अडते: मुलांना शब्द कळत नाहीत, लांब वाक्यं पेलवत नाहीत, मोबाइलने सगळं बिघडवलं. कोरियन साहित्य आणि इंग्रजी शिकवणारे काही शिक्षक आणि अभ्यासक मात्र दुखणं दुसरीकडे आहे असं म्हणतात. त्यांच्या मते मुलांना मजकूर समजतो. मजकुराला प्रश्न विचारायचे असतात, हे त्यांच्या अंगवळणी पडलेलं नाही. कोरियातल्या वर्गांकडे पाहिलं की या दुसऱ्या म्हणण्यात खूप तथ्य आहे असं दिसतं.

या विचाराला शिक्षणशास्त्रात चिकित्सक साक्षरता म्हणतात. ब्राझीलचे पावलो फ्रेअरी यांनी शेतमजुरांना अक्षरं शिकवताना तिचा पाया घातला. अक्षर वाचायला शिकणं आणि आपल्या भोवतीचं जग वाचायला शिकणं त्यांना वेगळं करता येत नव्हतं. पुढे ऑस्ट्रेलियात ॲलन ल्यूक आणि पीटर फ्रीबॉडी यांनी १९९० मध्ये वाचकाच्या चार भूमिका मांडल्या: अक्षरं उलगडणारा, अर्थ लावणारा, मजकूर वापरणारा आणि मजकुराची चिकित्सा करणारा. दक्षिण आफ्रिकेत हिलरी जँक्स यांनी वर्णभेदाच्या काळात भाषा आणि सत्ता यांचं नातं थेट वर्गात आणलं. या सगळ्यांचे प्रश्न साधे आहेत. हे कुणी लिहिलं? कुणासाठी? यात कोण बोलतं, कोण गप्प आहे? दुसऱ्या पात्राने हीच गोष्ट सांगितली तर कशी होईल? ती तशी न सांगण्यात फायदा कुणाचा?

कोरियाला हे प्रश्न परके नाहीत. राजा सेजोंगने १४४६ मध्ये हंगुल लिपी जाहीर केली, पण त्याआधीच, १४४४ मध्ये, चोई मान-री या विद्वान अधिकाऱ्याने तिच्याविरुद्ध अर्ज केला होता. सामान्यांच्या हाती सोपी लिपी देण्याला दरबारातूनच विरोध होता. जपानी राजवटीत १९३८ मध्ये शाळांतली कोरियन भाषा ऐच्छिक झाली आणि व्यवहारात हद्दपार झाली. आणि १९७० मध्ये सोलच्या प्योंगह्वा बाजारातल्या कपडे शिवणाऱ्या कारखान्यांत काम करणारा चोन ते-इल हा बावीस वर्षांचा शिंपी कामगार कायद्याचं पुस्तक घेऊन बसला होता. कायदा चिनी चित्राक्षरांनी भरलेला होता आणि शाळा अर्धवट सुटलेल्या चोनला तो धड वाचता येत नव्हता. कॉलेजात शिकणारा एखादा मित्र असता तर किती बरं झालं असतं, असं तो म्हणायचा. कायद्याने दिलेले हक्क कागदावरच राहतात हे त्याने तरीही वाचून काढलं. १३ नोव्हेंबर १९७० रोजी कायद्याच्या त्या पुस्तकासह त्याने स्वतःला पेटवून घेतलं. त्यानंतरच्या दशकात विद्यार्थ्यांनी कामगारांसाठी रात्रशाळा चालवल्या. फ्रेअरींच्या पुस्तकावर बंदी होती, तरी ते तिथे हातोहात फिरत होतं. चिकित्सक साक्षरता ही पाश्चात्त्य विद्यापीठांतून आयात केलेली कल्पना आहे, ती आशियाई मुलांना मानवत नाही, असं म्हणणाऱ्यांनी हा इतिहास आधी पाहायला हवा.

मग शाळेत ती का रुजली नाही? याचं मोठं कारण नोव्हेंबरातल्या एका गुरुवारी घेतली जाणारी परीक्षा आहे.

'सुनुंग' ही विद्यापीठ प्रवेशपरीक्षा १९९३ मध्ये सुरू झाली. कोरियन भाषेचे ४५ प्रश्न ८० मिनिटांत, इंग्रजीचे ४५ प्रश्न ७० मिनिटांत, आणि दोन्हीकडे प्रत्येक प्रश्नाला पाच पर्याय. इंग्रजीचे १७ प्रश्न ऐकून सोडवायचे असतात. त्यासाठी ३५ मिनिटं देशभरातल्या विमानांचं उतरणं आणि उड्डाण थांबवतात. पाठांतराऐवजी विचार तपासायचा, हा परीक्षेचा मूळ हेतू होता आणि तो प्रामाणिक होता. पण लाखो मुलांना बारीक फरकाने क्रम लावायचा असेल तर प्रत्येक प्रश्नाला वादातीत उत्तर लागतं. कवितेला असं उत्तर नसतं, म्हणून ते ठरवावं लागतं. कवी चोई सुंग-हो यांनी २००९ मध्ये सांगितलं, की स्वतःच्या कवितांवरचे परीक्षेतले प्रश्न सोडवले तेव्हा त्यांची सगळी उत्तरं चुकली. कादंबरीकार किम योंग-हा तर आपलं लेखन पाठ्यपुस्तकात घेऊ नये असं म्हणत आलेत. साहित्यात लेखकाने दडवलेलं एखादं बरोबर उत्तर शोधायचं नसतं, असं त्यांनी दूरचित्रवाणीवर स्पष्ट सांगितलं आहे. अनेक शिक्षकांनी हे ऐकून मान डोलावली. दुसऱ्या दिवशी वर्गात जाऊन त्यांना उत्तरंच सांगावी लागली, कारण मुलांचं भवितव्य त्या उत्तरांवर टांगलेलं आहे.

याला पैशाचीही बाजू आहे. २०२४ मध्ये कोरियन पालकांनी खासगी शिकवण्यांवर २९.२ लाख कोटी वॉन खर्च केले. 'हागवॉन' म्हणजे क्लासेसमध्ये साहित्य शिकवतात ते असं: कवितेतली ही प्रतिमा म्हणजे मातृभूमी, हा रंग म्हणजे निराशा, हा वारा म्हणजे जपानी सत्ता. मूल कविता न वाचताही तिचा अर्थ सांगू शकतं. जून २०२३ मध्ये तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष युन सोक-योल यांनी अभ्यासक्रमाबाहेरचे 'किलर' प्रश्न काढून टाकायला सांगितलं आणि परीक्षा घेणाऱ्या संस्थेच्या प्रमुखांनी राजीनामा दिला. वाद महिनोन्‌महिने चालला, पण तो प्रश्न किती अवघड असावेत याचा होता. प्रश्न विचारण्याचा हक्क कायम परीक्षकाकडेच का, हा मुद्दा त्यात निघालाच नाही.

साहित्याच्या वर्गात काय घडू शकतं हे पाहायला किम यू-जोंग यांची १९३६ मधली 'तोंगबेकक्कोत' ही कथा घेता येईल. कोरियातली बहुतेक मुलं ती माध्यमिक शाळेत वाचतात. डोंगराळ गाव, कुळाचा मुलगा आणि जोमसुन ही मुलगी. ती त्याला उकडलेले गरम बटाटे देऊ करते, तो नाकारतो. मग ती त्याच्या कोंबडीला छळते, आपला दांडगा कोंबडा त्याच्या कोंबड्यावर सोडते. शेवटी तो रागाच्या भरात तिचा कोंबडा मारून टाकतो आणि घाबरून रडू लागतो. 'कुणाला सांगणार नाही' असं म्हणून ती त्याला ढकलते आणि दोघं फुलांनी भरलेल्या झुडपांत पडतात. गाइडं याला 'ग्रामीण किशोरांचं विनोदी, निरागस प्रेम' म्हणतात आणि परीक्षेतही तेच उत्तर चालतं.

आता प्रश्न बदलून पाहावेत. जोमसुन कोण? जमीनदाराच्या कारभाऱ्याची मुलगी. मुलाचं घर कुणाच्या जमिनीवर उभं आहे? त्याच कारभाऱ्याने मिळवून दिलेल्या. तिच्याशी काही भानगड झाली तर जमीन जाईल आणि घरही जाईल, अशी ताकीद मुलाच्या आईने त्याला दिलेली आहे. मग तो बटाटा नाकारतो तेव्हा त्याच्याकडे नाही म्हणण्याचं स्वातंत्र्य खरंच आहे का? कोंबडा मेल्यावर तो का रडतो? कथेचं हसू कुणाच्या भीतीवर उभं आहे? आणि हीच गोष्ट मुलगा-मुलगी अदलाबदल करून लिहिली असती, तर वर्ग ती 'निरागस' म्हणून वाचू शकला असता का? या प्रश्नांनी कथा बिघडत नाही. उलट वसाहतकाळातली कुळं, मध्यस्थ कारभारी, वर्गाची उतरंड आणि किशोरवयातली ओढ एकाच कथेत किती दाटीने बसली आहेत ते दिसतं. किम यू-जोंग एकोणतीस वर्षांचे असताना गरिबीत आणि क्षयाने वारले. त्यांना कुळाची भीती ठाऊक नव्हती असं मानणं त्यांच्यावरच अन्याय करणारं आहे.

लोककथांबाबत असं वाचन तर प्राथमिक शाळेतही पोचलं आहे. लाकूडतोड्या परीचे कपडे लपवून तिला घरी नेतो, ही कथा कोरियातल्या पिढ्यांनी झोपताना ऐकली. आता कित्येक वर्गांत मुलं ती परीच्या तोंडून पुन्हा लिहितात. आंधळ्या बापाला दृष्टी यावी म्हणून सिम चोंग तीनशे पोती तांदळाच्या बदल्यात स्वतःला खलाशांना विकते. तिच्या कथेत पितृभक्तीबरोबर तो सौदा करणारे, तांदूळ घेणारे आणि गप्प बसणारे शेजारीही दिसू लागतात.

वर्गात हे करणारे शिक्षक एकटे नाहीत आणि नवखेही नाहीत. कोरियन भाषेच्या शिक्षकांची देशव्यापी संघटना १९८८ मध्ये उभी राहिली. पाठ्यपुस्तक सरकारच लिहीत असे त्या काळात, २००१ मध्ये, तिने 'उरिमाल उरिगुल' हे स्वतःचं पर्यायी पाठ्यपुस्तक काढलं. १९८९ मध्ये शिक्षकांची कामगार संघटना स्थापन झाली तेव्हा सरकारने सुमारे दीड हजार शिक्षकांना नोकरीवरून काढलं. त्यांत दो जोंग-ह्वान हे कवी होते. त्यांना तुरुंगातही जावं लागलं. पुढे त्यांच्याच कविता पाठ्यपुस्तकांत आल्या. २०१२ मध्ये ते खासदार झाले आणि त्याच वर्षी पाठ्यपुस्तकं तपासणाऱ्या संस्थेने प्रकाशकांना त्यांच्या कविता काढायला सुचवलं. कारण दिलं राजकीय तटस्थतेचं. लेखक एकवटून विरोधात उभे राहिले, निवडणूक आयोगानेही हरकत नसल्याचं सांगितलं आणि सूचना मागे घेतली गेली.

कोरियाच्या साहित्य शिक्षणात मजकूर काढून टाकण्याची परंपरा जुनी आहे आणि ती एकाच पक्षाची नाही. देशाच्या फाळणीनंतर उत्तरेला गेलेल्या किंवा तिथेच राहिलेल्या लेखकांवर दक्षिणेत बंदी होती. कवी बेक सोक यांचा 'सासुम' हा संग्रह १९३६ मध्ये अवघ्या शंभर प्रतींत छापला होता. आज त्यांच्याशिवाय पाठ्यपुस्तक पुरं होत नाही, पण १९८८ मध्ये बंदी उठेपर्यंत शाळकरी मुलांना ते भेटलेच नाहीत. ह्योन गि-योंग यांनी १९७८ मध्ये जेजू बेटावरच्या हत्याकांडावर 'सुनी सामचोन' ही कथा लिहिली. त्यांना पकडून छळलं गेलं आणि पुस्तकावर बंदी आली. २००८ मध्ये संरक्षण मंत्रालयाने सैनिकांसाठी 'घातक' ठरवलेल्या २३ पुस्तकांत पुन्हा त्यांची एक कादंबरी होती. २०२३ मध्ये ग्योंगी प्रांताच्या शिक्षण कार्यालयाने मुलांना अपायकारक ठरतील अशा लैंगिक मजकुराच्या पुस्तकांचा शाळांनी निकाल लावावा असं कळवलं. शाळांनी अडीच हजार प्रती रद्द केल्या; एका शाळेने हान कांग यांची 'द व्हेजिटेरियन' काढली. पुढच्याच वर्षी त्यांना नोबेल मिळालं तेव्हा हे सगळ्यांना कळलं.

दुसऱ्या बाजूनेही पानं फाडली गेली आहेत. कवी सो जोंग-जू यांच्या भाषेची मोहिनी नाकारता येत नाही. त्यांनीच १९४४ मध्ये जपानसाठी आत्मघाती उड्डाणात मेलेल्या कोरियन तरुणाचा गौरव करणारी कविता लिहिली. २००९ मध्ये ४,३८९ नावांचा जपानधार्जिण्यांचा चरित्रकोश आला, त्यातही ते आहेत. त्यांचं पाठ्यपुस्तकातलं स्थान आटत गेलं. २०१८ मध्ये 'मी टू'च्या लाटेत कवयित्री चोई यंग-मी यांच्या कवितेतून कवी को उन यांच्यावर लैंगिक छळाचे आरोप झाले. को उन यांनी ते नाकारले आणि नुकसानभरपाईचा दावा लावला, पण तो न्यायालयात टिकला नाही. प्रकाशकांनी मात्र त्याआधीच त्यांचं लेखन वगळायला सुरुवात केली होती.

या लेखकांवरच्या संतापामागची वेदना खरी आहे आणि पाठ्यपुस्तकातली जागा हा कुणाचा जन्मसिद्ध हक्क नव्हे. तरी इथे शिक्षणाच्या दृष्टीने काहीतरी हातचं जातं. सो जोंग-जू यांची सुंदर कविता आणि १९४४ ची ती कविता शेजारी ठेवून वाचली तर सौंदर्य सत्तेच्या कामी कसं लागतं, हे सोळा वर्षांच्या मुलाला दिसेल. दोन्ही काढून टाकल्या तर त्याला फक्त एवढंच कळेल की कुणीतरी मोठ्या माणसाने त्याच्यासाठी निकाल दिला आहे. एका उत्तराला खिळवलेली कविता आणि वगळलेली कविता, दोन्हीकडे वाचक सारखाच बेदखल होतो.

इंग्रजीच्या वर्गाची अडचण वेगळ्या जातीची आहे. १९९७ पासून तिसरीत इंग्रजी सुरू होतं. पालकांच्या मनात ही भाषा म्हणजे नोकरी, प्रतिष्ठा, परदेश. समाजभाषाशास्त्रज्ञ जोसेफ संग-युल पार्क यांनी २००९ च्या पुस्तकात या मानसिकतेचे तीन धागे दाखवले: इंग्रजी अत्यावश्यक आहे, ती परक्यांची आहे आणि आपल्याला ती कधीच नीट येणार नाही. जी भाषा आपली नाही आणि जिच्यात आपण कायमचे कच्चे आहोत असं शिकवलं जातं, तिच्यातल्या मजकुरावर संशय घेण्याची हिंमत मूल कुठून आणणार?

परीक्षेतले उतारे ही हिंमत आणखी खचवतात. ते बहुधा इंग्रजीतल्या अभ्यासपूर्ण पुस्तकांतून घेतलेले असतात, कापलेले असतात आणि त्यांवर लेखकाचं नाव नसतं. २०२२ च्या सुनुंगमधला इंग्रजीचा २३ वा प्रश्न कॅस सन्स्टीन यांच्या 'टू मच इन्फर्मेशन' या पुस्तकातल्या उताऱ्यावर होता. अगदी तोच उतारा आधी एका नामवंत खासगी शिक्षकाच्या सराव परीक्षेत येऊन गेला होता. चौकशी झाली आणि लेखापरीक्षण मंडळाच्या २०२४ च्या अहवालात शाळेतले शिक्षक क्लासेसना प्रश्न विकत असल्याचं बाहेर आलं. घोटाळ्याची बातमी मोठी झाली, पण त्या उताऱ्याबद्दलची एक गोष्ट तेवढी चर्चेत आली नाही. लाखो मुलांनी एका प्रभावी अमेरिकन कायदेतज्ज्ञाची भूमिका वाचली, आणि ती कुणाची आहे, कुठल्या वादात मांडली आहे, तिच्या विरोधात कोण आहे, यातलं काहीही त्यांना कळण्याची सोय नव्हती. रापा नुईच्या प्रश्नात कोरियन मुलं का अडखळली याचं एक उत्तर इथे असावं. निनावी मजकूर वाचत मोठं झालेल्या मुलाला सगळीच विधानं तथ्यासारखी दिसणार.

२०१८ च्या प्रवेशवर्षापासून इंग्रजीत ९० गुण मिळवणाऱ्या प्रत्येकाला पहिली श्रेणी मिळू लागली. स्पर्धा सैल व्हावी, वर्गाला श्वास मिळावा, ही अपेक्षा होती. पहिल्या वर्षी १०.०३ टक्के मुलांना ही श्रेणी मिळाली, २०२४ च्या प्रवेशवर्षाला ४.७१ टक्क्यांना. प्रश्न अवघड केले की सुटकेची वाट पुन्हा बंद होते.

आणि तरीही इंग्रजीच्या वर्गात उत्साह वाटावा असं काम झालेलं आहे. ह्युनजंग शिन आणि ग्रॅहम क्रुक्स यांनी २००५ मध्ये कोरियन शाळांतल्या इंग्रजी वर्गांवरचा दोन भागांचा अभ्यास प्रसिद्ध केला. पूर्व आशियाई मुलं गप्प बसतात, शिक्षकाला प्रश्न करत नाहीत, हा समज तिथे टिकला नाही. विषय त्यांच्या जगण्याला भिडणारा असेल आणि बोलायला मोकळीक असेल तर मुलं इंग्रजीतही वाद घालतात, असं त्यांना दिसलं. या क्षेत्रातल्या प्रयोगांतून एक व्यावहारिक गोष्टही पुढे येते: चर्चा कोरियनमध्ये आणि लेखन इंग्रजीत, अशी मुभा दिली तर विचार भाषेच्या कुवतीपाशी अडत नाही. इंग्रजी तासाला फक्त इंग्रजीच, या हट्टाने सगळ्यात जास्त नुकसान विचार करणाऱ्या, पण शब्द कमी असलेल्या मुलाचं होतं.

लहान वयाच्या वर्गांत चित्रपुस्तकांनी मोठी मदत केली. अँथनी ब्राउन हे ब्रिटिश चित्रकार-लेखक कोरियात अतिशय लोकप्रिय आहेत. त्यांचं 'पिगीबुक' घरकामात पिचलेल्या आईवर आहे. ती घर सोडून गेल्यावर बाप आणि मुलगे डुक्कर होतात. 'व्हॉइसेस इन द पार्क'मध्ये बागेतली एकच दुपार चार जण सांगतात आणि प्रत्येकाची दुपार वेगळी निघते. इंग्रजी सोपं, पण प्रश्न सोपे नाहीत. श्रीमंत बाईला बेकार माणसाचा कुत्रा वेगळा का दिसतो, हे दहा-अकरा वर्षांचं मूल नेमकं सांगतं.

कोरियाचा इतिहास आणि इंग्रजीचा वर्ग थेट एकमेकांवर आदळले ते मात्र कोरियाबाहेर. योको कावाशिमा वॉटकिन्स यांची 'सो फार फ्रॉम द बाँबू ग्रोव्ह' ही आत्मकथनपर कादंबरी १९८६ मध्ये अमेरिकेत आली. कोरियाच्या उत्तरेकडच्या नानाम गावी राहणारी अकरा वर्षांची जपानी मुलगी १९४५ मध्ये आई-बहिणीसह जीव मुठीत धरून पळते; वाटेत कोरियन पुरुष स्त्रियांवर अत्याचार करताना दिसतात. अमेरिकेतल्या अनेक शाळांत ती सहावी-सातवीला इंग्रजीच्या तासाला लावलेली होती. २००६ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या कोरियन-अमेरिकन पालकांनी हरकत घेतली. त्यांच्या मुलांना वर्गात अचानक अत्याचारी ठरल्यासारखं वाटत होतं, आणि जपानने कोरियावर ३५ वर्षं राज्य केलं होतं हे वर्गात कुणी सांगितलंच नव्हतं. हार्वर्डचे कोरिया-इतिहासकार कार्टर एकर्ट यांनी 'बोस्टन ग्लोब'मध्ये लिहिलं, की संदर्भ न देता हे पुस्तक शिकवणं म्हणजे नाझींच्या ताब्यातल्या हॉलंडचा आणि ॲन फ्रँकचा उल्लेखही न करता तिथून पळणाऱ्या जर्मन अधिकाऱ्याच्या कुटुंबाची करुण कथा शिकवणं. कोरियात २००५ मध्ये आलेला या पुस्तकाचा अनुवाद गदारोळानंतर २००७ मध्ये प्रकाशकाने मागे घेतला. जपानी अनुवाद २०१३ मध्ये आला.

चिकित्सक वाचनासाठी याहून चांगला धडा मिळणं अवघड आहे. लहान मुलीचं दुःख खोटं ठरवायचं नाही, आणि ते सांगताना काय झाकलं जातं तेही सोडायचं नाही. सोबत वाचायला पुस्तकं आहेत आणि तीही मुळात इंग्रजीतच लिहिलेली: रिचर्ड किम यांचं १९७० चं 'लॉस्ट नेम्स' आणि लिंडा स्यू पार्क यांचं २००२ चं 'व्हेन माय नेम वॉज किओको'. दोन्हींमध्ये कोरियनांना जपानी नावं घ्यायला लावण्याचा काळ मुलांच्या नजरेतून आला आहे. कोरियातल्या इंग्रजी शिक्षकाला आपल्या मुलांसाठी निनावी उतारा हवाच कशाला? वसाहतीवरचं कोरियन साहित्य कोरियनच्या तासाला आणि या तीन पुस्तकांतले भाग इंग्रजीच्या तासाला, अशी दोन शिक्षकांची जोडी जमली तर दोन्ही विषयांची उणीव भरून निघते. साहित्याच्या वर्गाकडे इतिहास आहे पण ठरलेली उत्तरं त्याला दडपतात. इंग्रजीच्या वर्गाकडे ठरलेलं राष्ट्रीय भाष्य नाही, पण इतिहासही नाही.

या मार्गावर एक गंभीर आक्षेप आहे. चिकित्सा शिकवण्याच्या नावाखाली शिक्षक आपलंच राजकारण मुलांच्या गळी उतरवणार नाहीत कशावरून? कोरियाच्या संविधानाचं ३१ वं कलम शिक्षणाची राजकीय तटस्थता सांगतं. ऑक्टोबर २०१९ मध्ये सोलमधल्या एका शाळेतल्या मुलांनी शिक्षक जपानविरोधी घोषणा लिहायला लावतात, अशी जाहीर तक्रार केली. शिक्षण कार्यालयाच्या तपासात सक्तीने विचार लादल्याचा निष्कर्ष निघाला नाही, पण तक्रारीने मोठी खळबळ उडाली. ही मुलं प्रश्नच विचारत होती, आणि त्यांचा प्रश्न शिक्षकाला होता. चिकित्सक साक्षरतेचा आग्रह धरणाऱ्याला तो नाकारता येणार नाही. त्याच सुमारास सोलच्या शिक्षण वर्तुळात जर्मनीतल्या १९७६ च्या बॉयटेल्सबाख सहमतीची चर्चा झाली: मुलांवर मत लादू नये, समाजात जे वादग्रस्त आहे ते वर्गातही वादग्रस्त म्हणूनच मांडावं आणि मुलाला स्वतःच्या हिताचा विचार करता यावा. २०२० पासून अठरा वर्षांच्या मुलांना मताधिकार मिळाल्यावर हे आणखी निकडीचं झालं. मौन पाळणं म्हणजे तटस्थता, हा अर्थ मात्र परवडणारा नाही. प्रचार सगळीकडून मुलांपर्यंत पोचत असताना शाळेनेच तेवढं गप्प राहायचं, यात मुलांचं रक्षण होत नाही.

अभ्यासक्रमाचे कागद सध्या शिक्षकांच्या बाजूने आहेत. २०१५ च्या अभ्यासक्रमाने प्रत्येक सत्रात एक पूर्ण पुस्तक वाचण्याची सोय आणली. उताऱ्यांवर वाढलेल्या मुलांसाठी हा मोठा बदल होता. डिसेंबर २०२२ मध्ये जाहीर झालेल्या अभ्यासक्रमात कोरियन भाषेला 'माध्यमं' हे सहावं क्षेत्र मिळालं आणि उच्च माध्यमिक स्तरावर माध्यमांतलं इंग्रजी, इंग्रजी साहित्याचं वाचन असे ऐच्छिक विषय आहेत. मार्च २०२५ मध्ये इंग्रजीसाठी कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारं डिजिटल पाठ्यपुस्तक मोठ्या गाजावाजाने आलं, पण ऑगस्टमध्ये संसदेने त्याचा पाठ्यपुस्तकाचा दर्जा काढून त्याला पूरक साहित्य ठरवलं.

खरी अडचण मूल्यमापनात आहे. देगू आणि जेजू या दोन ठिकाणच्या शिक्षण कार्यालयांनी २०१९ मध्ये इंटरनॅशनल बॅकलॉरिएट हा आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रम सरकारी शाळांत कोरियन भाषेतून आणण्याचा करार केला. जेजूच्या प्योसोन इथल्या सरकारी शाळेत मुलं साहित्यकृतीवर स्वतःची मांडणी निबंधातून करतात आणि तिलाच गुण मिळतात. उत्तर ठरलेलं नसतं, पण मजकुरातून आधार द्यावा लागतो. असं मूल्यमापन महाग आहे, शिक्षकांचा वेळ खातं, आणि गुणांवरून कोर्टात जाणाऱ्या पालकांच्या देशात धाडसाचं आहे. पण ते सरकारी शाळेत, मातृभाषेत, बेटावरच्या साध्या गावात चालतं, हे आता सिद्ध झालं आहे. शाळांतर्गत परीक्षांतही लेखी उत्तरांचं प्रमाण वाढवायचं ठरलं आहे आणि २०२५ पासून तिथल्या नऊ श्रेण्या पाचांवर आल्या आहेत. २०२८ च्या प्रवेशवर्षापासून सुनुंगचा साचाही बदलतो आहे; कोरियन भाषेतले ऐच्छिक भाग जाऊन सगळ्यांना एकच पेपर येईल. निबंधवजा प्रश्न त्यात घ्यावेत का, यावर चर्चा झाली. ते घेतलेले नाहीत. पर्याय पाचच राहिले आहेत.